धक्क्यावर बसायचं, पण बोलायचं काय?

ताई, नमस्कार.

मी बासष्ट वर्षांचा. मूळचा सांगोल्याचा, नोकरी सगळी पुण्यात, बँकेत. बायकोचं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं, बाणकोटच्या खाडीकाठचं. निवृत्तीनंतर तिच्या गावात दोन खोल्यांचं घर बांधलं आणि राहायला येऊन वर्ष होत नाही तोच ती गेली. त्याला आता चौदा महिने झाले. मुलगी बंगळूरला असते, तिकडे बोलावते, पण माझा इथून पाय निघत नाही.

वेळ जावा म्हणून रॉड घेतला. रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसतो. तिथे सहा-सात जण कायम असतात. त्यांच्या गप्पा रंगलेल्या असतात. मासे, भात, एसटी, कोणाच्या मुलाचं लग्न, क्रिकेट, काहीही. मी गेलो की आवाज खाली येतो. मला ‘साहेब’ म्हणतात, सरकून जागा देतात, पण गप्पांत घेत नाहीत. मी प्रयत्न केले. यूट्यूबवर पाहिलेली माहिती सांगून बघितली. परवा एकाचा मोठा मासा अगदी काठाशी येऊन सुटला. मी म्हटलं, रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटण्याचा ताण, थोडा सैल ठेवायला हवा होता. सगळे गप्प झाले. कोणी उठलं की ‘कुठे निघालात?’ म्हणून विचारपूस करतो, तेही बहुतेक आवडत नाही. एकदा त्यांच्यातले वयाने मोठे गृहस्थ माझ्या बायकोचं माहेरचं नाव घेऊन काहीतरी बोलायला लागले आणि मध्येच थांबले. मग पाण्याकडे बघत बसले.

येत्या अमावास्येला ही मंडळी खाडीच्या तोंडाशी रात्रीच्या मुक्कामाला जाणार आहेत. ‘यायचं तर या’ म्हणाले. तंबू, स्वयंपाक सगळं तिथेच. काही जण घेतात, मी घेत नाही. मुलगी नको म्हणते. मला जावंसं वाटतं, पण रात्रभर या लोकांशी बोलायचं काय? आणि खरं सांगायचं तर मला मासाही लागत नाही.

— धक्क्यावरचा साहेब

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, नवख्या माणसाची अडचण आहे, चार युक्त्या सांगितल्या की भागेल. तिसऱ्यांदा वाचताना त्या मोठ्या गृहस्थांच्या अर्ध्या राहिलेल्या वाक्यापाशी अडले. तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहून टाकलंय. मला वाटतं, सगळं उत्तर तिथेच आहे. पण तिथे पोचण्याआधी धक्क्यावरच्या साध्या गोष्टी बोलू, कारण त्या नीट झाल्या नाहीत तर पुढचं होणार नाही.

मी रेवदंड्याची. कुंडलिकेच्या खाडीवर बाबा गरवायला जायचे आणि जिवंत कोलंबीचा डबा सांभाळायला मला न्यायचे. आमच्याकडे ‘मासे पकडायला जातो’ असं कोणी म्हणत नसे, ‘गरवायला जातो’ म्हणत. मोठी माणसं पाण्याकडे तोंड करून बसायची आणि मी त्यांच्या पाठीमागे. त्यामुळे मासे कमी पाहिले, गप्पा मात्र पुष्कळ ऐकल्या.

आधी तो सुटलेला मासा. माणूस दोन तास बसलाय, मासा लागलाय, काठापर्यंत आलाय, त्याची पाठ पाण्यात चमकून गेलीय आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, एकदम सैल पडलाय. त्या क्षणी त्याला आपली चूक कळलेली असते. तुमच्या आधी कळलेली असते. त्याला तेव्हा एकच प्रश्न हवा असतो, ‘केवढा होता हो?’ मग तो रॉड खाली ठेवील, दोन्ही हात पसरून दाखवील, शेजारचा म्हणेल एवढा नव्हता, तिसरा म्हणेल होता होता, मी शेपूट बघितली. तांबोशी होती की जिताडा होता यावर वाद होईल. मग कोणीतरी दहा वर्षांपूर्वी सुटलेला मासा काढील. अर्धा तास हसत-भांडत जाईल आणि ज्याचा मासा गेला त्याचं मन हलकं होईल. तुमचं ड्रॅगचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मासा काठ बघून शेवटची उसळी मारतो तेव्हा ताण सैल असावाच लागतो. पण ते त्याला चौथ्या दिवशी, तो स्वतः विचारील तेव्हा सांगायचं.

‘कुठे निघालात?’ हे मात्र आजपासून बंद करा. घाटावर ती आपुलकी असेल. आमच्या किनाऱ्यावर निघालेल्या माणसाला असं अडवून विचारलं की काम होत नाही अशी जुनी समजूत आहे, आणि मासळीच्या बाबतीत ती जास्तच पाळतात. ‘येताय ना उद्या?’ म्हणा. विचारपूसही होते आणि माणूस परत येण्याची गोष्टही बोलली जाते. तसंच सगळ्यांसमोर कोणाची मासे लागण्याची खास जागा विचारू नका. आमिष काय लावलंय ते खुशाल विचारा. जागा माणूस मनात आलं तर आपणहून दाखवतो, आणि ज्या दिवशी दाखवील त्या दिवशी समजा की तुम्ही त्याचे झालात.

आता माहितीबद्दल. बँकेत तुमच्याकडे लोक माहितीसाठी यायचे, म्हणून माहिती दिली की माणूस जोडला जातो अशी सवय लागलेली असणार. धक्क्यावर उलटं चालतं. तिथे ज्याला काही माहीत नसतं त्याच्याशी बोलायला सगळ्यांना आवडतं. मोकळ्या मनाने अजाण होऊन बघा, असा माणूस त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नसेल. माशांच्या नावांपासून सुरुवात करा. आमचा जिताडा रत्नागिरीकडे खजुरा होतो आणि मालवण-गोव्यात चोणक. मासा एकच. मग तुमच्या गावात काय म्हणतात, पलीकडे वेसवी-बाणकोटात काय म्हणतात, हे विचारलंत की बघा कसे एकमेकांची वाक्यं तोडत बोलतात. सरकारने 2023 साली पापलेटला राज्य मासा ठरवलं, तो विषय आमच्या अलिबागकडे अजून संपलेला नाही. जिताडा असताना पापलेट कसं, म्हणून लोक मनापासून भांडतात. तुमच्या खाडीला येऊन मिळणाऱ्या सावित्रीत महाडला मगरी आहेत, त्या खाली कुठवर येतात? महाडजवळ काळ नदीत वाळणकोंडीचा डोह आहे, तिथले देवाचे मासे कोणी बघितलेत? ती काळ नदी पुढे तुमच्याच सावित्रीला मिळते. तिथे वरदायिनीच्या नावाने मासा कोणी मारत नाही, लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर मासे वर येतात. हे तुम्ही सांगायचं नाही बरं का, विचारायचं. धक्क्यावर एक तरी माणूस असा असेल की ज्याच्या आईने त्याला लहानपणी तिथे नेलं होतं.

तुम्ही वाचलेलं वाया जाणार नाही. एखाद्या दिवशी कोणी मोठा जिताडा कापील, पोटात गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, निघेल, तेव्हा म्हणा की हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, असं मी वाचलंय, खरं का? त्या वेळी ती गोष्ट त्यांच्या हातातल्या माशाची असेल. त्यांना आपले सगळे जुने जिताडे आठवतील आणि ते तुमचं म्हणणं स्वतःच्या अनुभवाने तपासायला बसतील.

आणखी एक करा. कोणाचं तरी काहीतरी मागा. तुम्ही लिहिलंय की ते तुम्हाला जागा देतात. तुम्ही त्यांना काही मागितल्याचं मात्र कुठे आलं नाही. गरी, म्हणजे गळाचा आकडा, बांधायची गाठ मागा. तुम्हाला येत असली तरी मागा, कारण प्रत्येकाची गाठ वेगळी असते. बाबांची अशी होती: तंगूस गरीच्या भोकातून ओवायचा, मोकळं टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे गुंडाळायचं, भोकाजवळ जो बारीक फास उरतो त्यातून ते टोक काढायचं, मग गाठ ओठांत धरून ओली करायची आणि सावकाश ओढायची. कोरडी ओढली तर घासून तंगूस तापतो आणि नेमका गाठीपाशी कमजोर होतो. मोठा मासा तिथेच तोडतो. ही गाठ शिकवताना माणसाला तुमच्या इतक्या जवळ यावं लागतं की त्याची बोटं तुमच्या बोटांना लागतात. संध्याकाळच्या उजेडात दोन चष्मेवाले एका गरीवर वाकले की मग ‘साहेब’ फार वेळ टिकत नाही.

आणि गप्प बसायला भिऊ नका. तुम्ही प्रत्येक शांततेला आपला दोष समजताय. समोरासमोर बसलेल्या माणसांत शांतता पडली की अवघड वाटतं, कारण एकमेकांचे चेहरे दिसत असतात. गरवणारे शेजारी शेजारी बसतात, डोळे दोऱ्याच्या टोकावर. तिथे वीस मिनिटं कोणी बोललं नाही तरी काही बिघडत नाही, आणि एकविसाव्या मिनिटाला माणूस असं काही बोलून जातो जे घरात तोंडावर बोलला नसता.

माझी आई गेली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. पंधरवड्यानंतर बाबा पहिल्यांदा खाडीवर गेले आणि मी डबा घेऊन मागोमाग गेले. त्यांच्या रोजच्या मित्राने त्यांना पाहिलं. काही म्हणाला नाही. बाबांचा गळ हातात घेतला, डब्यातली कोलंबी काढून लावली, गळ परत बाबांच्या हातात दिला आणि म्हणाला, ‘पाणी आज लालसर हाय.’ त्यावर दोघं पाण्याच्या रंगावर बोलले, मग वरच्या अंगाला पाऊस झाला असेल का यावर, मग खताच्या भावावर. मला राग आला होता. आई गेली आणि हे खताचं काय बोलतात, असं वाटलं. असे तीन महिने गेले. मग एका संध्याकाळी बाबाच म्हणाले, ‘हिला बोंबलाचं कालवण आवडायचं नाही.’ मित्र म्हणाला, ‘म्हाईत हाय. वाढताना नाक मुरडायची.’ बाबा हसले. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत दोघं आईबद्दल बोलत होते. मी मागे बसून ऐकत होते, त्यातलं अर्धं मला पहिल्यांदाच कळलं. खताच्या भावावर तीन महिने बोलले नसते तर तो विषय निघालाच नसता, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी समजलं.

आता तुमच्या त्या मोठ्या गृहस्थांकडे येऊ.

भाऊ, तुम्ही स्वतःला तिथे उपरा समजताय. तुम्ही त्या गावचे जावई आहात. धक्क्यावर बसणाऱ्या त्या माणसांनी तुमच्या पत्नीला परकर-पोलक्यात पाहिलंय. कोणी तिच्याबरोबर शाळेत गेला असेल, कोणाच्या बहिणीची ती मैत्रीण असेल, कोणी तुमच्या लग्नात पंगतीत वाढायला असेल. त्यांचंही माणूस गेलंय. तुम्ही आलात की आवाज खाली जातो तो तुम्हाला टाळायला नव्हे, असं मला अगदी मनापासून वाटतं. जावयासमोर आधीच आमच्याकडे जीभ सांभाळून बोलतात, आणि हा जावई तर नुकता एकटा पडलेला. त्याच्यासमोर लग्नाच्या गप्पा काढाव्यात का, मोठ्याने हसावं का, तिचं नाव घ्यावं का, हे त्यांना कळत नाही. म्हणून ‘साहेब’ म्हणतात. ‘भावोजी’ म्हटलं की ती मध्ये येते.

त्या गृहस्थांनी एकदा धीर केला. तिचं माहेरचं नाव घेतलं. तुमचा चेहरा कसा झाला असेल तो तुम्हाला दिसला नाही, त्यांना दिसला. ते थांबले. आता ते पुन्हा स्वतःहून बोलायचे नाहीत. तुम्हालाच विचारावं लागेल.

लगेच नको. आधी ती गाठ शिका, नावांवरून भांडू द्या, दोन-चार संध्याकाळी जाऊ द्या. मग एकदा त्यांच्या शेजारी बसून, गळ पाण्यात टाकून, त्यांच्याकडे न बघता विचारा, ‘ही लहानपणी इथे यायची का हो?’ एवढंच. पुढचं ते सांगतील. कदाचित ती या धक्क्यावरून पाण्यात उडी मारायची. कदाचित चिंबोऱ्या धरताना तिचं बोट फुटलं होतं आणि त्याची खूण तुम्ही पस्तीस वर्षं पाहिलीत पण कारण कधी विचारलं नाहीत. तुमच्याकडे तिची पुण्यातली सगळी वर्षं आहेत आणि त्यांच्याकडे त्याआधीची. तुमचा पाय तिथून निघत नाही तो याचसाठी, असं मला वाटतं. डोळे भरून आले तर येऊ द्या. खारं वारं असतं, कोणी काही म्हणत नाही.

मुक्कामाला जा. माझं स्पष्ट मत आहे. पण मुलीची काळजीही खोटी नाही, तेव्हा नीट तयारीने जा.

अमावास्येला उधाण असतं. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि खाडीच्या तोंडाशी ओढ जोराची असते. आमच्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. त्या हिशेबाने अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा येतात, दिवसाही आणि रात्रीही. हा हिशेब मुंबईकडचा. दक्षिणेला भरती जरा आधी येते, म्हणून तुमच्याकडे रात्री अकराच्या आगेमागे पाणी पूर्ण भरलेलं असेल. तंबू कुठे लावायचा ते मंडळी ठरवतीलच, तरी तुम्ही वाळूवरची सुकलेल्या काटक्यांची आणि शिंपल्यांची रेघ बघून घ्या. पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. झोपायचं त्या रेघेच्या बरंच वर. खडकावर बसून गरवायचा बेत असेल तर भरती लागल्यावर मागची वाट कधी बुडते, हे उजेडात विचारून ठेवा आणि त्याआधी परत या. पायात बंद बूट, हातात चांगली बॅटरी. कोकणात फुरसं हा विषारी साप दगडांत आणि पाचोळ्यात असतो, तो दिसत नाही, म्हणून लाकडं गोळा करताना हात घालण्याआधी काठीने हलवून बघायचं. काही चावलंच तर रात्र असो, पाऊस असो, कापाकापी न करता थेट सरकारी दवाखाना. रक्तदाबाची गोळी असेल तर ती खिशात ठेवा, पिशवीत नको.

घेण्याचं म्हणाल, तर कोणाला उपदेश करू नका आणि स्वतः घेऊही नका. त्यापेक्षा चहा आपल्याकडे घ्या. तीन दगडांची चूल, एक मोठं पातेलं, साखर-पावडर, आलं, सगळं तुमचं. रात्री दोन वाजता ओल्या वाऱ्यात ज्याच्याकडे चहा असतो त्याच्याभोवती सगळे येऊन बसतात, तुम्हाला विषय शोधावा लागणार नाही. शेजारी एका भांड्यात साधं पाणीही गरम राहू द्या. रात्री शिंगाळा फार लागतो, आणि गरीतून सोडवताना त्याचा काटा हातात गेला की माणूस ओरडतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा तास बुडवून ठेवला की कळ उतरते. पाणी आधी आपल्या हाताला लावून बघा, दुखणाऱ्या माणसाला चटका कळत नाही. काटा आत मोडला असेल किंवा सूज चढत गेली तर सकाळी डॉक्टर.

कांदळवनाची फांदी चुलीला तोडू देऊ नका, ती तोडायला बंदी आहे आणि कोलंबीची, जिताड्याची पिल्लं त्याच मुळांत वाढतात. हे तुम्ही सांगण्याऐवजी घरून सुकी लाकडं न्या, म्हणजे बोलावं लागणार नाही. तुटलेला तंगूस खिशात भरून आणा. बगळ्यांचे पाय त्यात अडकतात.

मुलीला सांगताना ‘मी जाणार आहे’ असं सांगू नका. त्या मोठ्या गृहस्थांचा नंबर द्या आणि आदल्या दिवशी त्यांना तिच्याशी बोलायला सांगा. ती त्यांच्या गावच्या मुलीची मुलगी आहे, ते तिला ‘मॅडम’ म्हणणार नाहीत. फोनवर काय बोलतात ते तुम्ही जवळ उभे राहून ऐकू नका, त्यांचं त्यांना बोलू द्या.

राहिला मासा. तुम्ही आमिष काय लावता ते लिहिलं नाहीत, पण यूट्यूबचं नाव काढलंत म्हणून मला वाटतं की दुकानातले रबरी मासे लावत असाल. खाडीत आधी जिवंत कोलंबी लावून बघा. गरी डोक्यावरच्या करवतीच्या मुळाशी, आतला काळा ठिपका चुकवून, आडवी घालायची. ठिपक्यात गेली की कोलंबी मरते. चुकवली तर अर्धा-पाऊण तास पाय हलवत राहते आणि मासा त्या हालचालीला येतो. ही आमच्या बाबांची रीत. तुमच्याकडे शेपटीत घालत असतील, आणि ते म्हणतील तसंच करा. कोलंबी विकत मात्र घेऊ नका. ओहोटीला कुठल्या खाजणात मिळते ते त्या गृहस्थांना विचारा आणि डबा घेऊन त्यांच्याबरोबर जा.